विजेची बचत करणारे दिवे : घराला खरेच परवडतात काय?

महिन्याचे वीजबिल हातात पडले की घरात पहिला दोष दिव्यांना दिला जातो. मुलांना ओरडा बसतो, जिन्यातला दिवा काढून ठेवला जातो आणि दुकानातून "कमी विजेचा" बल्ब आणण्याची गोष्ट निघते. दुकानदार सांगतो, हा बल्ब घ्या, बिल निम्मे होईल. बल्ब येतो, पण बिल निम्मे होत नाही. मग एक तर बल्ब फसवा ठरतो किंवा मीटर पळते असा निष्कर्ष काढला जातो. व्यापारी आणि कारागीर माणूस एरवी पै-पैचा हिशोब ठेवतो. दिव्याच्या बाबतीत मात्र तो हिशोब न करताच खरेदी करतो. म्हणून या लेखात आम्ही आकडेमोड थोडी जास्तच करणार आहोत. वाचकांनी आपले बिल जवळ घेऊन बसावे.

आधी उजेडाविषयी. तारेचा जुना पिवळा बल्ब म्हणजे खरे पाहता एक छोटी शेगडीच. आतली टंगस्टनची तार अडीच हजार अंशांच्या आसपास तापते तेव्हा ती उजळते. खाल्लेल्या विजेपैकी पाच-दहा टक्क्यांचाच उजेड होतो, बाकी सारी उष्णता. सीएफएल, म्हणजे वळणदार नळीचा दिवा, तेवढाच उजेड सुमारे एक चतुर्थांश विजेत देत असे. एलईडीमध्ये ना तार तापते, ना नळीत पारा असतो. अर्धवाहकाच्या बारीकशा तुकड्यातून निळा प्रकाश निघतो आणि त्यावरच्या पिवळसर लेपामुळे तो पांढरा दिसतो. हा निळा प्रकाश साधण्यासाठी अनेक वर्षे खर्ची पडली. त्याबद्दल आकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघा शास्त्रज्ञांना २०१४ साली भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. ६० वॅटचा पिवळा बल्ब साधारण ७०० ल्युमेन उजेड देतो, तर ९ वॅटचा चांगला एलईडी ९०० च्या आसपास. म्हणजे वीज सहाव्या हिश्श्याहूनही कमी आणि उजेड थोडा अधिकच.

आता पैशाचा हिशोब. ६० वॅट जाऊन ९ वॅट आले की दर तासाला ५१ वॅट वाचतात. दिवा रोज पाच तास जळत असेल तर वर्षाला सुमारे ९३ युनिट होतात. युनिट सहा रुपयांना पडत असेल तर ही बचत साधारण ५६० रुपये, अकरा रुपयांना पडत असेल तर हजारावर. बल्ब शंभर रुपयांचा धरला तर पहिल्या हिशोबाने दोन महिन्यांत आणि दुसऱ्या हिशोबाने पाच-सहा आठवड्यांत त्याची किंमत वसूल होते. इतक्या लवकर मुद्दल परत देणारा धंदा आम्हाला तरी दुसरा माहीत नाही.

सहा आणि अकरा हे दोन आकडे आम्ही उगाच घेतलेले नाहीत. महाराष्ट्रात घरगुती विजेचा दर टप्प्याटप्प्याने चढतो. पहिल्या १०० युनिटांचा दर कमी असतो. १०१ ते ३०० च्या टप्प्यात तो जवळजवळ दुपटीवर जातो आणि त्यापुढे आणखी वर. दर वेळोवेळी बदलतात आणि वीज कंपनीगणिक थोडेफार वेगळे असतात, म्हणून आम्ही गोल आकडे धरले. वाचकांनी आपल्या बिलावरचा वीज आकार आणि वहन आकार यांची बेरीज करून आपला खरा दर काढावा. भिवंडी आणि मालेगाव येथे वीजपुरवठा व वसुलीचे काम खासगी कंपन्यांकडे आहे, तरी दर महाराष्ट्र वीज नियामक आयोगाने महावितरणसाठी ठरवलेलेच लागू होतात.

या टप्प्यांतून एक गोष्ट निघते, तिच्याकडे फारसे कोणी पाहत नाही. आपण जो युनिट वाचवतो, तो नेहमी शेवटचा, म्हणजे सर्वांत महाग युनिट असतो. ज्याचे बिल १४० युनिटांचे आहे त्याने ३५ युनिट वाचवले तर ते सारे महागड्या टप्प्यातून वजा होतात. ज्याचे बिल मुळातच ८० युनिटांचे आहे, त्याची तेवढीच बचत निम्म्या पैशांची. स्थिर आकार मात्र दोघांनाही भरावाच लागतो. दिवे बदलूनही बिल "निम्मे" का होत नाही, याचे अर्धे उत्तर येथे आहे. उरलेले अर्धे असे की दिव्यांबरोबर पंखा, फ्रीज, मिक्सर, पाण्याची मोटर हेही त्याच मीटरवर असतात आणि त्यांचे खाणे दिव्याच्या बदलाने कमी होत नाही.

एक घर डोळ्यांसमोर घेऊ. दोन खोल्या, त्यातल्या एकीत शिलाई मशीन किंवा जरीकामाचा अड्डा. आपल्या समाजात अशी घरे थोडी नाहीत. अड्ड्यावर १०० वॅटचा पिवळा बल्ब, रोज आठ तास, महिन्याचे सव्वीस दिवस : सुमारे २१ युनिट. स्वयंपाकघरात ६० चा बल्ब पाच तास : ९ युनिट. बैठकीत तांब्याच्या चोकची ४० वॅटची ट्यूब सात तास : ११ युनिट, कारण असा चोक स्वतःच बारा-पंधरा वॅट खातो आणि ४० ची ट्यूब प्रत्यक्षात ५३-५४ ला पडते. रात्रभर झिरोचा दिवा : साडेतीन युनिट. मोरीतला बल्ब अर्धा तास : एक युनिटही नाही. एकूण ४५ च्या आसपास. याच जागी अड्ड्यावर १४ वॅटचा एलईडी, स्वयंपाकघरात व मोरीत ९ चे, बैठकीत २० वॅटची एलईडी पट्टी आणि रात्री अर्ध्या वॅटचा दिवा लावला तर बेरीज ९ युनिटांच्या आत येते. महिन्याला ३६ युनिट वाचले. महाग टप्प्यातले घर असेल तर चारशे रुपये, स्वस्त टप्प्यातले असेल तर सव्वादोनशेच्या आसपास. सामानाचा खर्च सहाशे ते सातशे. दोन-तीन महिन्यांत फिटला.

या ३६ युनिटांतील जवळजवळ अर्धे एकट्या अड्ड्यावरच्या बल्बमधून आले आणि मोरीतल्या बल्बमधून पाऊण युनिट. दिवा किती वॅटचा आहे याहून तो किती तास जळतो यावर सारा खेळ आहे. तेव्हा सगळ्या घराचे दिवे एका दिवसात बदलण्याची घाई नको. सर्वांत जास्त तास जळणारा दिवा आधी बदलावा आणि त्याने वाचवलेल्या पैशांतून पुढचा आणावा. मोरी, माळा, जिना यांची पाळी शेवटी. फक्त रमजानात पहाटेपासून स्वयंपाकघर जागे असते; त्या महिन्यात तिथल्या दिव्याचे तास वाढतात, एवढे लक्षात ठेवावे.

झिरोच्या दिव्याबद्दल थोडे सांगितलेच पाहिजे, कारण त्याच्या नावानेच लोक फसले आहेत. झिरो म्हणजे शून्य वॅट असा समज अजून अनेक घरांत आहे. प्रत्यक्षात तारेचा हा छोटा रंगीत बल्ब बारा ते पंधरा वॅट खातो. पूर्वीच्या चकतीच्या मीटरवर एवढा थोडा भार नीट नोंदला जात नसे, म्हणून त्याला झिरो म्हणू लागले असे सांगतात. आजच्या इलेक्ट्रॉनिक मीटरवर तो शून्य राहत नाही. रोज आठ तास म्हणजे वर्षाला चाळीसहून अधिक युनिट. वीस-तीस रुपयांचा अर्ध्या वॅटचा एलईडी तेच काम दीड युनिटात करतो. घरातला सर्वांत लहान बल्ब आणि वसुली मात्र सर्वांत जलद! आश्चर्य असे की मोठे दिवे बदललेल्या कितीतरी घरांत हाच एक तसाच राहून गेलेला असतो.

याच्या उलट गोष्ट सीएफएलची. ज्यांच्याकडे अजून चालू सीएफएल आहे, त्यांनी तो काढून एलईडी लावावा काय? १५ वॅटच्या जागी ९ आले, वाचले फक्त सहा वॅट. रोज पाच तासांप्रमाणे वर्षाला ११ युनिट, म्हणजे सहासष्ट ते एकशेवीस रुपये. बल्बची किंमत निघायला दहा महिने ते दीड वर्ष. आमच्या मते चालू सीएफएल चालू द्यावा, गेला की एलईडी आणावा. त्यात थोडासा पारा असतो, म्हणून फुटला तर खिडक्या उघडून थोडा वेळ खोलीबाहेर जावे आणि नंतर तुकडे हाताने न उचलता जाड कागदाने गोळा करावेत. पाऱ्याच्या याच कारणाने मिनामाता करारानुसार अशा दिव्यांचे उत्पादन जगभर बंद होत आहे.

स्वस्ताई कशी आली

पंधरा-वीस वर्षांपूर्वी हा प्रश्न विचारला असता तर उत्तर इतके सोपे नसते. २००९ मध्ये केंद्र सरकारने "बचत लॅम्प योजना" काढून पिवळ्या बल्बच्या बदल्यात सीएफएल १५ रुपयांना देण्याचे ठरवले, कारण बाजारभावाने तो गरिबाला परवडत नव्हता. एलईडी तर त्याहून महाग. जानेवारी २०१५ मध्ये सुरू झालेल्या आणि पुढे "उजाला" या नावाने ओळखल्या गेलेल्या योजनेत सरकारी कंपनी ईईएसएल हिने कोट्यवधी बल्बांची एकत्र मागणी नोंदवून निविदा काढल्या. २०१४ च्या सुरुवातीला ज्या बल्बची खरेदी ३१० रुपयांनी झाली होती, त्याचा भाव २०१६ मध्ये ३८ रुपयांपर्यंत उतरला. २०२२ च्या सुरुवातीपर्यंत ३६ कोटींहून अधिक बल्ब देशभर वाटले गेले. घाऊक खरेदी करणाऱ्या आमच्या व्यापारी बांधवांना यात नवे काही वाटणार नाही. मोठा माल, रोख पैसा आणि एकच गिऱ्हाईक असले की भाव पडतो. पण एवढ्या उतरणीची कल्पना खुद्द कारखानदारांनाही असेल असे वाटत नाही. जुलै २०२२ मध्ये एलईडी दिव्यांवरील जीएसटी १२ वरून १८ टक्के झाला, तरी त्याने हिशोब फारसा बिघडला नाही.

भाव पडला तशी खोटी मालमत्ताही बाजारात आली. २०१७ मध्ये नील्सन या पाहणी संस्थेने दिल्ली, मुंबई, अहमदाबाद आणि हैदराबाद येथील दोनशे दुकानांतील माल तपासला. तीन चतुर्थांश एलईडी बल्ब सरकारी सुरक्षा नियमांत बसत नव्हते, असे त्यातून पुढे आले. ही पाहणी दिवे बनवणाऱ्या उद्योजकांच्या संघटनेने गाजवली. छोट्या मालाला बदनाम करण्यात मोठ्या कंपन्यांचा फायदा असतो, हेही विसरू नये. तरीही बाजारात हिंडणाऱ्या कोणालाही त्यातले तथ्य नाकारता येणार नाही. खोक्यावर १२ वॅट छापलेले आणि उजेड सातचा, असा माल सर्रास विकला जातो.

येथे दुकानदार आणि घरच्या घरी बल्ब जुळवणारे तरुण या दोघांनाही सावध करणे आम्ही कर्तव्य समजतो. सुटे भाग आणून, म्हणजे प्लास्टिकचे घर, एलईडीची चकती, ड्रायव्हर आणि टोपी जोडून बल्ब तयार करणे हा थोड्या भांडवलाचा उद्योग झाला आहे. हुनर म्हणून तो चांगलाच आहे. पण स्वतः चुकवणाऱ्या दिव्यांसाठी, म्हणजे ड्रायव्हर आतच असलेल्या एलईडी बल्बसाठी, भारतीय मानक ब्यूरोकडे नोंदणी सक्तीची आहे. प्रत्येक बल्बवर आयएस १६१०२ हा मानक क्रमांक आणि "आर" अक्षरापुढे आठ आकडी नोंदणी क्रमांक असलाच पाहिजे. तो नसलेला माल बनवणे, साठवणे आणि विकणे हा गुन्हा आहे. शिवाय जानेवारी २०१८ पासून ऊर्जा दक्षता ब्यूरोचे तारांकित लेबलही सक्तीचे झाले. "आम्हाला असाच माल आला" हे उत्तर चालत नाही. माल पकडला गेला तर नुकसान दुकानाच्या गल्ल्यातून जाते, पाठवणारा घाऊक व्यापारी तोपर्यंत फोन उचलत नाही.

कोणता घ्यावा

खोक्यावरचे वॅट पाहून बल्ब घेऊ नये. वॅट म्हणजे तो काय खातो. काय देतो ते ल्युमेनमध्ये लिहिलेले असते. दर वॅटला १०० च्या आसपास ल्युमेन मिळत असतील तर माल बरा समजावा. दुसरी गोष्ट व्होल्टेजची. आपल्या मोहल्ल्यांत आणि यंत्रमागाच्या वस्त्यांत वीज कधी २६० ला चढते तर कधी १७० ला उतरते. १०० ते ३०० व्होल्टपर्यंत चालणारा ड्रायव्हर असल्याचे खोक्यावर लिहिलेले असेल तो बल्ब घ्यावा. एलईडी बहुधा एलईडीच्या चकतीमुळे जात नाही, आतला ड्रायव्हर तापून जातो. म्हणूनच काचेच्या बंद गोळ्यात किंवा कोंदट खोबणीत लावलेला चांगला बल्बही लवकर जातो.

आणि आयुष्याचे काय? खोक्यावर २५,००० तास लिहिलेले असते. रोज पाच तास म्हणजे साडेतेरा वर्षे! तेवढी वर्षे बिल कोण सांभाळून ठेवणार? कंपनी एक किंवा दोन वर्षांची बदलून देण्याची हमी देते, तोच तिचा खरा शब्द. एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. पिवळ्या बल्बच्या जागी आलेला एलईडी वर्षभरात गेला, तरी तोपर्यंत त्याने आपली किंमत कितीतरी पटीने परत केलेली असते. पण आज बहुतेक घरांत एलईडीच्याच जागी एलईडी येतो. तेथे वीज वाचत नाही, वाचतात ते फक्त बल्बचे पैसे. मग पन्नास रुपयांचा सहा महिन्यांत जाणारा आणि एकशेदहाचा तीन वर्षे टिकणारा यांत स्वस्त कोणता, हे सांगायला आमची गरज नाही.

कारागिरांसाठी यापुढचा भाग अधिक महत्त्वाचा आहे. पिवळ्या बल्बखाली रंग जसे दिसतात तसे प्रत्येक एलईडीखाली दिसत नाहीत. रंग खरे दाखवण्याचे एक माप असते, त्याला सीआरआय म्हणतात. तारेच्या बल्बचे ते १०० धरतात, साध्या एलईडीचे ८० च्या आसपास असते. स्वयंपाकाला, अभ्यासाला एवढे पुरते. पण धाग्याची छटा जुळवणारा, हिमरूचा विणकर, जरीचा सोनेरी-रुपेरी भेद पाहणारा किंवा कापडाचा तागा गिऱ्हाईकापुढे उलगडणारा व्यापारी यांनी ९० किंवा त्यावरचा दिवा मागून घ्यावा. तो थोडा महाग असतो. दुकानात जुळलेला दुपट्टा बाहेर उन्हात वेगळा दिसला आणि माल परत आला, तर त्या एका परतीत अशा कितीतरी दिव्यांचे पैसे जातात. फार निळसर पांढरा, ६५०० केल्विनचा दिवा डोळ्यांना भगभगीत लागतो आणि सोनेरी जर फिकी पाडतो. अशा कामाला ४००० च्या आसपासचा बरा.

हलक्या एलईडीचा आणखी एक दोष डोळ्यांना चटकन दिसत नाही. तो सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतो. मोबाइलचा कॅमेरा दिव्यासमोर धरावा. पडद्यावर काळ्या पट्ट्या सरकताना दिसल्या तर तो दिवा लुकलुकणारा समजावा. अशा उजेडात दिवसभर बारीक काम केले की डोके दुखते. लेथ किंवा ड्रिलसारख्या फिरत्या यंत्रावर तर धोकाच, कारण फिरणारा भाग थांबल्यासारखा किंवा हळू फिरतो असे भासू शकते. तेथे दहा-वीस रुपयांसाठी हलका माल लावू नये.

एलईडीचा कारागिराला होणारा सर्वांत मोठा फायदा मात्र विजेच्या बिलात दिसत नाही. १०० वॅटचा पिवळा बल्ब डोक्याच्या फार जवळ आणता येत नाही. तो भाजतो, कापड पिवळे पडण्याची भीती असते, आणि एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या छपराखाली चार माणसांच्या मधोमध ती शेगडीच होते. म्हणून तो छताला टांगला जातो आणि उजेड खोलीभर सांडतो. एलईडी इतका तापत नाही, त्यामुळे तो कामाजवळ उतरवता येतो. छोट्या दिव्याचे अंतर निम्मे केले की कामावर पडणारा उजेड चौपट होतो. छताजवळ १४ वॅटचा लावण्याऐवजी ५ ते ७ वॅटचा झाकणीसह अड्ड्यावर दोन-अडीच फुटांवर आणला तर सुई अधिक स्पष्ट दिसते. शिलाई मशीनला चिकटणारा, वाकणाऱ्या मानेचा एक-दोन वॅटचा दिवा तर बाजारात सहज मिळतो. वय चाळीशीपलीकडे गेलेल्या कारागिराला उजेड अधिक लागतो. त्याच्या डोळ्यांपुढे तो आणून ठेवणे ही खरी बचत.

ज्यांच्याकडे इन्व्हर्टर आहे त्यांना वेगळे सांगायला नको : जी बॅटरी दोन पिवळ्या बल्बांवर दमते, तीच एलईडीवर कितीतरी जास्त तास चालते.

दिवे बदलून झाल्यावरही बिल जड वाटत असेल तर नजर वर, पंख्याकडे न्यावी. छताचा साधा पंखा ७० ते ७५ वॅट खातो, म्हणजे आठ एलईडी बल्बांइतके. बीएलडीसी मोटरचा नवा पंखा तेवढाच वारा ३० वॅटच्या आसपास देतो. रोज बारा तास, वर्षाचे नऊ महिने चालणाऱ्या पंख्यात शंभर-सव्वाशे युनिट सहज वाचतात. किंमत अडीच-तीन हजार असल्याने चालू पंखा काढून टाकण्याची घाई नको. पण जुना पंखा रिवाइंडिंगला नेण्याची वेळ आली, की तेव्हा हा हिशोब जरूर करावा.

बल्ब घेताना पक्के बिल मागावे आणि खोके हमीच्या मुदतीपर्यंत ठेवावे. पुष्कळदा दुकानदार बल्बच्या टोपीवर खडूने किंवा पेनाने तारीख लिहून देतात. ती पद्धत चांगली आहे, फक्त तारखेसोबत दुकानाचा शिक्काही घ्यावा, म्हणजे बदलून मागताना वाद होत नाही.